कवितेतलं पाचट

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर आजोबांनी तुम्हाला सहा ओळींची कविता म्हणून दाखवली. चौथ्या ओळीला ते एवढ्या जोरात ओरडले की तुमच्याकडचा फोन टेबलावरून खाली पडला. मग धाकटीने विचारलं, "आजी, ही कविता तू लिहिलीस का? आणि आजोबा मध्येच कुणाला रागावले?"

तेव्हा मी म्हटलं होतं, लिहून कळवते. हे ते लिहिणं. उशीर केला तर तपशील इकडचे तिकडे होतील, आणि मला ते आवडत नाही.

त्याआधी एक कबुली द्यायची आहे. आजोबांचा घसा बसलाय, असं मी तुम्हाला आठ महिने सांगत होते. ते खोटं होतं. थोरल्याने एकदा विचारलंही होतं, "आठ महिने घसा कसा बसतो?" तेव्हा मी नेटवर्क गेल्यासारखं करून फोन बंद केला. तुमच्या आईबाबांना खरं माहीत होतं. तुम्हाला सांगू नका, अशी गळ मीच घातली होती. त्याबद्दल माफ करा.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. मी बारामतीच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं. पण या हकिकतीतली माणसं इंग्रजीत बोलत नाहीत. जिथे अडेल तिथे आईला विचारा.

आता सुरुवातीपासून सांगते.

तुमचे आजोबा साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. सकाळी मोटारसायकल काढायची, गावोगाव फिरायचं, कुणी कधी ऊस लावला त्याची नोंद घ्यायची आणि शेतकऱ्यांना चार गोष्टी सांगायच्या, हे त्यांचं काम. त्यांचा आवाज असा होता की या बांधावरून बोलले तर पलीकडच्या बांधावरचा माणूस मागे वळायचा. मोबाइल आले तेव्हा मी गमतीने म्हणायचे, तुम्हाला याची गरजच नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं, आणि बारामतीत दवाखाने चांगले आहेत. महिन्याभरात ते काठी घेऊन चालायला लागले, हातानं जेवायला लागले. बोलणं तेवढं गेलं. म्हणजे आवाज होता, शब्द येत नव्हते. पाणी हवं असलं की तोंडातून 'खुर्ची' निघायचं, आणि चूक झाली हे त्यांचं त्यांना कळायचं. तेच जास्त वाईट. बोलणं शिकवायला एक मुलगी घरी यायची. हुशार पोर. ती मला म्हणाली, "शब्द पुसले गेलेले नाहीत, मॅडम. आत आहेत. बाहेर यायचा रस्ता बंद झालाय. रोज बोलत राहिले तर रस्ता होईल. गप्प बसले तर होणार नाही."

आणि नेमके ते गप्प बसले.

झालं असं की इंदापूरला एका लग्नाला गेलो होतो. मुलीच्या वडिलांचा हात हातात घेऊन आजोबांना 'अभिनंदन' म्हणायचं होतं. ते मोठ्यांदा म्हणाले, "युरिया!" मांडवात हशा पिकला. "साहेब आजून ड्युटीवरच हायती!" कुणीतरी म्हणालं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, प्रेमाने हसली माणसं. आजोबाही हसले. घरी आल्यावर त्यांनी पाटी घेतली, डाव्या हाताने वाकडंतिकडं लिहिलं, 'घरी कोणी नको', आणि त्या दिवसापासून तोंड मिटलं. माझ्याशीही मानेनेच हो-नाही. ती मुलगी आली की भिंतीकडे तोंड करून बसायचे. शेवटी तीही म्हणाली की मी येऊन उपयोग नाही, त्यांना वाटेल तेव्हा बोलवा.

मला तेव्हा काय वाटत होतं ते खरं सांगते. मला त्यांची काळजी होती, पण लाजही वाटत होती. मी वर्गात एका अपुऱ्या वाक्यावर पोरांना उभं करणारी बाई. माझ्याच घरात वाक्य पुरं होईना, हे बाहेर कळू नये असं मलाही वाटत होतं. तेव्हा 'घरी कोणी नको' ही पाटी फक्त त्यांची नव्हती.

मी कविता करायला लागले ती याच दिवसांत. त्याआधी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कवितांवर फक्त प्रश्न काढले होते. सकाळी गोळ्यांचा डबा भरायचा, त्यांना व्यायाम द्यायचा, गॅसचा नंबर लावायचा, नळाला पाणी आलं की टाकी भरायची, बँकेतून फोन आला की ओटीपी सांगायचा नाही हे लक्षात ठेवायचं. या सगळ्यात डोकं भणभणलं की मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं जुनं पान फाडायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. कुकरच्या पहिल्या शिट्टीला सुरुवात आणि चौथीला शेवट. तेवढाच वेळ असायचा. पुष्कळ कविता त्यामुळे वरण शिजण्याआधीच संपल्या आहेत, आणि ते बरंच झालं.

आता भिशी. तुम्ही आईकडून ऐकलं असेल, बायका दर महिन्याला थोडे पैसे एकत्र करतात, चिठ्ठी काढतात, जिची चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे. मी एक वेगळी भिशी काढली. पैशांच्या जागी कविता. दर महिन्याला चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिने आपल्याला छळणारी एक गोष्ट सांगायची. पुढच्या महिन्यात बाकीच्या सगळ्यांनी त्यावर एकेक कविता करून तिच्या घरी जायचं, वाचायची आणि कागद तिच्याकडेच ठेवायचा. मी वही केली, पत्र्याचा डबा आणला, नियम लिहून काढले. एकूण अकरा नियम होते. आता तीन उरलेत.

सभासद सहा. मी एक. बारामतीतल्याच दोघी, एक दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई आणि एक ब्लाउज शिवणाऱ्या टेलरबाई. इंदापूरची एक शाळामास्तरीण. नरसिंहपूरची एक, देवळाजवळ राहणारी. आणि माळेगावची एक, जिच्यामुळे हे सगळं लिहिते आहे. ती सातवी शिकलेली, घरचा ऊस आणि थोड्या रानात भेंडी. भेंडी पहाटे तोडावी लागते आणि तिच्यावरची कूस, म्हणजे बारीक लव, हाताला खाजते, म्हणून ती हातात जुने मोजे घालते. मोजे घातलेल्या हाताने लिहिता येत नाही. त्यामुळे ती कविता फोनमध्ये बोलून ठेवते. तिच्या प्रत्येक कवितेच्या मागे बैलाची घंटा किंवा कुणीतरी "चहा ठिवलाय गं" असं ओरडलेलं ऐकू येतं.

पैशांच्या भिशीत एक रीत आहे. जी भिशी चालवते तिचा पहिला नंबर. तिची चिठ्ठी काढतच नाहीत. मी त्या रीतीवर बोट ठेवलं आणि पहिला नंबर माझ्या नावावर लावून टाकला. एकदा लागला की सहा महिने कुणी विचारणार नाही, हा माझा हिशेब.

"मग मॅडम, तुमाला काय छळतंय?" माळेगावचीने विचारलं.

"काही विशेष नाही," मी म्हटलं. "पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, एवढंच."

पावसाळा तेव्हा चार महिने लांब होता. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आणि पुढच्या महिन्यात तुमच्याकडे ना?" टेलरबाईंनी विचारलं.

"घराला रंग चाललाय," मी म्हटलं. "आपण कालव्याजवळच्या बागेत बसू."

तर मला ओल्या कपड्यांवर पाच कविता मिळाल्या. त्या सगळ्या वहीत आहेत. नर्सबाईंच्या कवितेत मोजे बोलतात. इंदापूरच्या मास्तरणीने दोरीवरच्या चादरीला गाव सोडून गेलेल्या ढगाची उपमा दिली होती, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन रडले. माझ्या खऱ्या दुःखावर ती कविता किती छान झाली असती, असं वाटलं.

पुढचे महिने मजेत गेले. नरसिंहपूरचीचा नंबर लागला तेव्हा आम्ही एसटीने इंदापूरमार्गे तिच्याकडे गेलो. शेजारच्या काकू तेवढा दिवस आजोबांजवळ बसल्या. दर्शन घेतलं, संगमावर बसून डबे उघडले. तिला छळणारी गोष्ट म्हणजे सासूबाई टीव्ही मोठ्यांदा लावतात. आम्ही कविता वाचायला लागलो आणि दोन नद्यांच्या वाऱ्याने कागद उडायला लागले. घरी परतल्यावर तिने काय करावं? पाचही कविता सासूबाईंना वाचून दाखवल्या. सासूबाईंनी शांतपणे ऐकल्या आणि म्हणाल्या, "ह्या पाच झाल्या तुज्या. आता एक माज्या बाजूनं करा म्हणावं." ती आम्हाला करावी लागली. टीव्हीचा आवाज तेवढ्याने कमी झाला नाही, पण आता मालिका संपली की त्या सुनेला सगळी गोष्ट सांगतात, आणि ती म्हणते की मला ऐकू जास्त येतं की कमी तेच कळेना.

मी घरी येऊन आजोबांना हे सगळं सांगायचे. ते मान हलवायचे. कधी डोळे हसायचे. तोंड नाही.

एका दुपारी दाराची कडी वाजली. माळेगावची उभी. मार्केट यार्डात भेंडी उतरवून ती परत निघाली होती, वाटेत माझ्यासाठी पिशवीभर घेऊन आली. मी दार अर्धं उघडून पिशवी घ्यायला हात पुढे केला. ती वाकून आत बघत होती.

"मॅडम, रंग कुठं हाय?"

"अं?"

"न्हाय, पाच म्हैने झालं रंग चाललाय म्हणताय. आमच्या आख्ख्या गावाला लावून झाला आसता." तिने भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ मला दाखवली. "ह्यो कंचा कलर म्हणायचा?"

तेवढ्यात तिची नजर माझ्या मागे गेली. आजोबा खिडकीशी खुर्चीवर बसले होते.

"आवं, साहेब!" ती ओरडलीच. चप्पल काढून सरळ आत. "साहेब, वळकलं का? माळेगावच्या मळ्यातल्या आबांची थोरली सून मी. तुमी नोंद घ्यायला आला व्हता तवा म्या पेटवलं व्हतं रान, आन् तुमी मला बांधावरनं आसं झाडलं व्हतं, आसं झाडलं, की सासू म्हणली हा मानूस आपला सोयरा आसता तर बरं झालं आसतं, मला बोलाया लागलं नसतं!"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात गेले, ती मागोमाग आली, आणि भेंडी निवडता निवडता मी तिला सगळं सांगितलं. लग्न, युरिया, पाटी, ती मुलगी, तुम्हाला सांगितलेलं घशाचं खोटं. ती एकदाही 'अरेरे' म्हणाली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "आन् आमाला तुमी कापडं वाळत घालाया लावली व्हय!"

पुढच्या बैठकीत तिने विषय काढला. मी नियमांची वही उघडून म्हटलं की माझा नंबर होऊन गेला आहे, फेरी पुरी व्हायला एक महिना आहे.

"नंबर रद्द," नर्सबाई म्हणाल्या.

"असा नियम नाही," मी म्हटलं.

"मग लिहा आता," टेलरबाई म्हणाल्या. "बारावा. खोटं दुखणं सांगितलं तर नंबर रद्द."

तो माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे.

पंधरा दिवसांत पाच कविता माझ्याकडे आल्या. चार कागदावर, एक फोनवर. सगळ्या आजोबांसाठी. माळेगावचीची मी फोनवरून ऐकून वहीत उतरवून घेतली. ती अशी होती:

आडसाली लावली, पावसात न्हाली
सुरू लावली, उन्हानं तापली
ऊस गेला तुटून, रान झालं उघडं
पाचट दिलं पेटवून, धूर गेला वर
आन् म्हैन्याभरानं बघतीया तर
खोडवा फुटला की वो हिरवागार

तुमच्यासाठी अर्थ सांगते. आडसाली म्हणजे पावसाळ्यात लावलेला ऊस, सुरू म्हणजे हिवाळा सरता सरता लावलेला. ऊस तोडून नेला की रानात जी वाळलेली पानं उरतात ते पाचट. आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून जो पुन्हा फुटतो तो खोडवा.

मला कविता आवडली. फक्त चौथी ओळ खटकली. आजोबांनी नोकरीभर एक गोष्ट गावोगाव सांगितली असेल तर ती ही, की पाचट जाळू नका. जाळलं की जमीन भाजते. ते तसंच पसरून कुजवलं की खत होतं. पत्नी म्हणून एवढं शेतीशास्त्र मलाही येतं. शिवाय 'वर' आणि शेवटचं 'हिरवागार' यांचं यमक जुळत नव्हतं. मी लाल पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'पाचट दिलं कुजवून, माती झाली गार'. 'हिरवागार'शी ते छान बसलं. शास्त्र बरोबर, यमक बरोबर. मी खूश होते.

आठवडाभर रोज सकाळी चहानंतर मी आजोबांना पाचही कविता वाचून दाखवल्या. माळेगावचीची, माझी दुरुस्त केलेली, सगळ्यात शेवटी. ते ऐकायचे. संपली की खिडकीबाहेर बघायचे. आठव्या दिवशी मी वही मिटली. त्या मुलीचे शब्द डोक्यातून जात नव्हते, गप्प बसले तर रस्ता होणार नाही. आणि किती दिवस गप्प बसले की रस्ता कायमचा बंद होतो, ते मी तिला विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटली होती.

नियमाप्रमाणे बैठक माझ्या घरी होती. मी आजोबांना सांगितलं, "पाचजणी येणार आहेत. तुम्ही आतल्या खोलीत बसा, दार लावून घेते. कोणी आत येणार नाही." त्यांनी मान हलवली. मी दार लावलं. पण आमच्या त्या दाराची कडी तुम्हाला माहीत आहे, पावसाळ्यात फुगते आणि लागत नाही. बोटभर फट राहते.

बायका आल्या. आल्या आल्या नरसिंहपूरची भिंतीकडे बघून म्हणाली, "रंग छान झालाय हं." पोहे झाले, चहा झाला. एकेकीने कविता वाचली, हळू आवाजात, आतल्या खोलीकडे न बघता. मग माळेगावचीची पाळी आली. तिला वाचायचं नसतंच, पाठ असतं. मी माझी वही तिच्यापुढे सरकवली होती, पण तिने ती बघितलीही नाही. ती मांडी घालून बसली, पदर खोचला आणि रानात म्हणावी तशी म्हणायला लागली. आडसाली, सुरू, ऊस गेला तुटून. आणि मग तिची स्वतःची ओळ, मी खोडलेली.

"पाचट दिलं पेटवून, धूर गेला —"

"नका!"

आतून आवाज आला. आम्ही सगळ्या दचकलो. टेलरबाईंच्या हातातली बशी खाली पडली. पाठोपाठ काठी आपटल्याचा आवाज.

"जाळू नका! पाचट जाळू नका! कितीदा सांगायचं तुम्हाला!"

अख्खं वाक्य होतं, बाळांनो. कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. तोच बांधावरचा आवाज. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

दार उघडलं. आजोबा उभे होते. त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नसावा असे. इंदापूरच्या मास्तरणीने तोंडाला पदर लावला. हसली मात्र कुणीच नाही. तेव्हा माळेगावचीच बोलली, रानातला वाद पुढे चालू असल्यासारखी.

"आवं साहेब, पर आमी आजून जाळतुयाच की."

आजोबांच्या कपाळावर आठी पडली. "का?"

"मालक म्हणत्यात पाचटात उंदरं व्हत्यात."

"न्हाय." त्यांनी जोरात मान हलवली. लहानपणी इंदापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावात बोलत तसं, न्हाय. माझ्याशी लग्न झाल्यावर त्यांनी तो शब्द सोडला होता. "न्हाय. सरी... सरी..." पुढचं येईना. ओठ हलत राहिले. मी म्हणणार होते, राहू द्या. नर्सबाईंनी माझा हात दाबला. आजोबांनी टेबलावरचं दिनदर्शिकेचं पान ओढलं, माझ्या एका कवितेच्या मागच्या बाजूवर डाव्या हाताने सऱ्या, म्हणजे रानातल्या पाण्याच्या चाऱ्या, काढल्या. एका सरीत पाचट, पुढची मोकळी, पुन्हा एकीत पाचट.

"एक..." ते म्हणाले.

"एक आड एक," माळेगावची म्हणाली. "व्हय?"

"व्हय."

"आन् पाणी?"

"मोकळ्या... मोकळ्या सरीत."

असं ते पाऊण तास चाललं. शब्द कमी, रेघा जास्त. बाकीच्या चौघींनी पाचटाबद्दल एवढं आयुष्यात ऐकलं नसेल. सरतेशेवटी तो कागद तिने घडी करून ब्लाउजात ठेवला. त्यावरची माझी कविता बरी होती, पण मागू कशी?

जाताना मी तिला दारात विचारलं, "ही ओळ तू मुद्दाम घातलीस का? ते ओरडावेत म्हणून?"

"मुद्दाम कशापायी? आमच्यात जाळत्यात म्हणून जाळलं. खोटं कशाला लिवू?"

मी आत येऊन वही उघडली. लाल पेनाने केलेली माझी दुरुस्ती तिथे होती. आठ दिवस मी त्यांना ती नीटनेटकी, बरोबर कविता वाचून दाखवत होते. तिच्यात रागवायला काही ठेवलंच नव्हतं. मग कशाला बोलतील ते? मी माझी ओळ खोडली आणि तिची पुन्हा लिहिली. यमक जुळत नाही, ते तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी बोलणं शिकवणाऱ्या त्या मुलीला फोन केला. ती आता आठवड्यातून दोनदा येते. तिलाही पाचटाबद्दल बरंच कळायला लागलं आहे. माळेगावची भेंडी उतरवून परतताना थांबते, मुद्दाम काहीतरी चुकीचं विचारते, "साहेब, खोडव्याला नव्या लागणीएवढंच पाणी द्यायचं का?" आणि आजोबा चिडून उत्तर द्यायला लागतात. ते चिडले की शब्द लवकर येतात. हा उपचार घरी मीही करून बघितला. आमटीत मुद्दाम मीठ घातलं नाही. ते म्हणाले, "मीठ." आणि मग, थोडं थांबून, "मुद्दाम?" म्हणजे शब्दांबरोबर संशयही परत आला.

बाकी ताण होते तसेच आहेत. टाकी भरावीच लागते, गोळ्यांचा डबा भरावाच लागतो, ओटीपी विचारणारे फोन येतातच. मी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये लिहिते. फरक इतकाच की लिहून झालं की आता ते घरात कुणालातरी वाचून दाखवता येतं, आणि ऐकणारा 'लांब' असं एका शब्दात मत देतो. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

त्यांचं सगळं बोलणं परत आलेलं नाही, ते तुम्हाला सांगायला हवं. ती कविता रोज म्हणून पाठ झाली आहे, म्हणून तेवढी सलग येते. तुम्हा दोघांची नावं अजून उलटी होतात. त्यांनी थोरल्याला धाकटीच्या नावाने हाक मारली तर हसा, हरकत नाही. पण 'ओ' द्या. 'अभिनंदन' अजून येत नाही. पुढच्या लग्नाला आम्ही जाणार आहोत आणि तिथे जे निघेल ते निघेल, असं ठरलं आहे.

भिशी चालू आहे. पत्र्याचा डबा टीव्हीजवळ आहे, त्यात सहा चिठ्ठ्या, आणि चालवणारीचा पहिला नंबर ही रीत आम्ही काढून टाकली आहे. घराला खरोखर रंग लावला, फिकट पिवळा. माळेगावचीने या वर्षी खोडव्यात पाचट जाळलं नाही, एक आड एक सरीत पसरलं. कवितेत मात्र ते ती दर वेळी पेटवते आणि आजोबा दर वेळी ओरडतात.